सागवानाच्या खोक्यांतला गायक

बंगळूरची खोली सोडून मी नागपूरला परत आले, तेव्हा माझ्या सामानात एक रेकॉर्ड होती. जुन्या घरांत असायची तशीच काळी, मोठी तबकडी. पण ही जुनी नव्हती. मेघालयातल्या तिघांच्या एका बँडनं ती काढली होती. इंग्रजीत गाणारा रॉक बँड, पण रॉक म्हटल्यावर जो धांगडधिंगा डोळ्यांसमोर येतो, त्यातलं तिथं काही नव्हतं. सात गाणी होती आणि सातही संथ. ड्रमचा एक ठोका पडला की दुसरा पडतो की नाही असं वाटावं, इतका वेळ मध्ये जायचा. गिटार कुठे तरी लांब वाजायची. गाणारा शेजारी बसून बोलावं तसा हळू गायचा. उदास गाणी होती, पण ऐकून जीव जड व्हायचा नाही; उलट थोडा हलका व्हायचा.

ती रेकॉर्ड माझ्या मैत्रिणीची. आम्ही दोघी सहा वर्षं एका खोलीत राहिलो. रविवारी सकाळी न्हाऊन केस वाळवत आम्ही ती लावायचो आणि बाजू संपेपर्यंत कोणी उठायचं नाही, असा आमचा अलिखित नियम होता. मैत्रीण कॅनडाला गेली तेव्हा रेकॉर्ड, प्लेयर आणि दोन स्पीकर मला देऊन गेली. म्हणाली, "मला तिकडे दुसरी मिळेल. तू एकटी पडशील."

मला एकटं पडायला वेळच मिळाला नाही. आई जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते आणि बाबा नागपूरच्या घरात एकटे होते. मी रोज फोन करायची. काय जेवलात, गोळ्या घेतल्या का, काही विचारलं तरी बाबा "हो हो, बरं आहे" म्हणायचे. एकदा मी विचारलं, "बाबा, आज भाजी कोणती केली?" ते म्हणाले, "हो हो, बरं आहे." मी फोन ठेवला आणि वाटलं, हा माणूस आता आतून कुठे तरी निघून चालला आहे. कंपनीनं घरून काम करायची परवानगी दिली आणि डिसेंबरात मी सामान ट्रकमध्ये टाकून आले.

ट्रकवाल्यांनी स्पीकर कुठे आणि कसे आपटले कोण जाणे. दोन्हींचे कोपरे फुटले होते, एकाची मागची बाजू सुटून आली होती. बाबांनी तुटलेला तुकडा हातात घेतला, बोटानं कुस्करला आणि माझ्याकडे पाहिलं.

"हे लाकूड नव्हे वं," ते म्हणाले. "भुसा आहे. भुसा दाबून वरतून कागद चिपकवला."

लाकडाबद्दल बाबांच्या शब्दाला किंमत होती. उमरेडजवळच्या एका खेड्यातून ते एकोणिसाव्या वर्षी नागपूरला आले आणि लकडगंजमधल्या एका आरा मशीनवर कामाला लागले. ओंडके चिरायचे, फळ्या काढायच्या. त्याच मशीनवर त्यांनी चाळीस वर्षं काढली. घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवयांवरसुद्धा भुसा असायचा. आंघोळ करून ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे आणि बोलायचे फार कमी. मी सातवीत असताना निबंधाला पहिलं बक्षीस मिळालं होतं. मी पळत घरी आले आणि त्यांच्या खुर्चीमागे उभी राहून अख्खा निबंध वाचून दाखवला. ते खिडकीबाहेर पाहत राहिले. वाचून झालं तरी काही बोलले नाहीत. त्यानंतर मी त्यांना कधीच काही वाचून दाखवलं नाही. कोणाला सांगितलंही नाही. पण मनात ठरवून टाकलं की बाबांना माझ्यात काही रस नाही.

तर ते फुटके स्पीकर. आतल्या वाजणाऱ्या चकत्या शाबूत होत्या, फक्त खोकी गेली होती. मी नवीन मागवायच्या विचारात होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर बाबा अंगणात बसून फुटक्या खोक्याची मापं घेत होते.

"काय करून राहिले बाबा?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. मी समोर जाऊन उभी राहिले तेव्हा म्हणाले, "हे भोक किती इंचाचं पाहिजे, ते सांग."

लकडगंजला जाऊन त्यांनी एका जुन्या दाराच्या चौकटीचं सागवान आणलं. पाडलेल्या कुठल्याशा घरातलं होतं, काळंभोर झालेलं. रंधा मारल्यावर आतून मधासारखा रंग निघाला. तीन आठवडे ते काम चाललं. मी वर काम करत बसायची आणि खालून रंध्याचा आवाज यायचा. इंटरनेटवर वाचून मी त्यांना सांगितलं की खोक्याचं लाकूड थरथरायला नको, नाही तर आवाज बिघडतो. त्यावर त्यांनी बराच विचार केला. फळी बोटानं ठोकून पाहिली, कानाशी न नेता गालाला लावून पाहिली. मग म्हणाले, "जाड घेऊ. पण फारच जाड घेतलं तर मुकं होते लाकूड." खिळा एकही मारला नाही. खाचा पाडून, सरस लावून सगळं बसवलं. पॉलिशही केलं नाही, नुसतं जवसाचं तेल चोळलं.

जानेवारीतल्या एका रविवारी, पोहे खाऊन झाल्यावर, मी पहिल्यांदा रेकॉर्ड लावली. बाबांनी खुर्ची ओढून स्पीकरजवळ घेतली आणि खोक्यावर तळहात ठेवला. डोळे मिटले. पहिलं गाणं झालं, दुसरं सुरू झालं. मी मनानं बंगळूरच्या त्या खोलीत जाऊन परत आले. आवाज खरंच सुंदर येत होता. जुन्या खोक्यांतून कधी असा आला नव्हता.

दुसरं गाणं अर्ध्यावर आलं तेव्हा बाबांनी डोळे उघडले.

"बढिया आहे," ते म्हणाले. "ढोल मस्त वाजवते. पण याच्यात गाणारं कोणी नाही काय?"

मला वाटलं ते थट्टा करताहेत. पण बाबा थट्टा करणाऱ्यांतले नव्हते. आणि गाणारा तर त्या क्षणीही गात होता.

मी सुई उचलली. बाबा फिरत्या तबकडीकडे पाहत राहिले. मी हळूच त्यांच्या मागे गेले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "बाबा, चहा ठेवू का?" ते हलले नाहीत. मी आवाज थोडा चढवून पुन्हा विचारलं. ते खोक्यावर बोटं फिरवत होते, सांधा कुठे दिसतो का ते पाहत होते. मग मी फिरून त्यांच्या समोर आले आणि अगदी हळू म्हणाले, "चहा?"

"ठेव ना," ते म्हणाले.

मी खाली जमिनीवरच बसले.

"बाबा, तुम्हाले ऐकू येत नाही?"

"येते ना. तू समोर असली की येते."

"केव्हापासून असं आहे?"

चोरी सापडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता आणि मला तेच सहन होत नव्हतं. ते म्हणाले, "मशीनवर होतो तेव्हापासूनच. तू झाली त्याच्याही पहिले असन. मोठा आवाज समजते, जाड आवाज समजते. बारीक बोलणं नाही समजत. तोंड पाहिलं की समजते."

"आईले माहीत होतं?"

"तिले माहीत होतं. ती समोर येऊन बोले. मीच तिले म्हटलं होतं, कोणाले सांगू नको. मालकाले समजलं असतं तर मशीनवरून काढलं असतं. पात्याजवळ बहिरा माणूस कोण ठेवन?"

मला आई आठवली. भाजी फोडणीला टाकून, गॅस बारीक करून, पदराला हात पुसत ती बाहेरच्या खोलीत जायची, बाबांच्या समोर उभी राहायची आणि "मीठ आणायचं आहे" एवढंच सांगून परत यायची. दिवसातून वीस वेळा. मोठी झाल्यावर मला त्याचा राग यायचा. इथूनच हाक मार ना, असं मी तिला किती तरी वेळा म्हटलं असेन. ती हसायची. चाळीस वर्षं ती असं चालत गेली आणि तिनं ते मलासुद्धा सांगितलं नाही. ती गेल्यावर बाबांच्या समोर येऊन बोलणारं कोणी उरलं नाही. मी फोनवरून बोलत होते. आल्यावर स्वयंपाकघरातून बोलत होते. जिन्यावरून बोलत होते.

मी त्यांना निबंधाचं सांगितलं. खुर्चीमागे उभं राहून वाचला होता ते, आणि मला काय वाटलं होतं तेही. त्यांना ते काहीच आठवत नव्हतं. आठवणार तरी कसं?

"नसन ऐकू आलं," ते म्हणाले. मग विचारलं, "कशावर होता?"

"लकडगंजवर."

"मंग तर मलेच विचारायचं होतं. बराबर लिहिला होता का?"

मी म्हटलं, "पहिला नंबर आला होता." ते म्हणाले, "मंग बराबरच असन." आणि आम्ही दोघंही हसलो. मला रडूही येत होतं, पण समोर बसल्यामुळे तोंड फिरवता येत नव्हतं.

कान तपासून घ्यायला ते महिनाभर तयार नव्हते. "आता कोणाले ऐकायचं आहे?" हे त्यांचं उत्तर. मी एकदा वैतागून म्हटलं, "त्या गाणाऱ्याले ऐका. सात गाणी म्हटली बिचाऱ्यानं, तुम्हाले एकही पोचलं नाही." काय पटलं माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. तपासणाऱ्या बाईंनी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानावर यंत्र लावलं आणि आवाज आला की हात वर करा म्हणाल्या. मी बाहेरून पाहत होते. सुरुवातीला हात भराभर वर जायचा. मग हळूहळू थांबला. बाबा सावध बसून होते, शाळेतल्या मुलासारखे, आणि हात वर जातच नव्हता. बाईंनी मला नंतर कागदावरची रेघ दाखवली. जाड आवाजांच्या बाजूला ती बरी होती, बारीक आवाजांच्या बाजूला पार खाली उतरली होती.

कानाचं मशीन आलं त्या दिवशी बाबा घरभर फिरले. चपलेचा आवाज, वर्तमानपत्राची घडी, भिंतीवरचं घड्याळ. घड्याळासमोर ते बराच वेळ उभे राहिले. मी रेकॉर्ड लावली. सुई टेकल्याबरोबर त्यांनी दचकून स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"फोडणी टाकली काय?"

रेकॉर्डची ती बारीक तडतड होती. मी सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. मग ड्रम आला, गिटार आली आणि गाणारा आला. बाबा पुढे झुकले. पूर्ण बाजू संपेपर्यंत ते तसेच बसले.

"मले वाटलं होतं मोठ्यानं गात असन," ते शेवटी म्हणाले. "हा तर कानात बोलून राहिला."

"आवडला का?"

"बरा आहे." मग प्रामाणिकपणे, "पण मले ढोलच जास्त आवडला."

त्यानंतर त्यांनी स्वतःची एक पद्धत काढली. एक गाणं कानात मशीन घालून ऐकायचं, एक गाणं मशीन काढून, खोक्यावर हात ठेवून. रविवारी सकाळचा आमचा दोघांचा तो कार्यक्रमच झाला.

मे महिन्यात माझ्याकडून मोठी चूक झाली. कूलर दुसऱ्या खिडकीत लावायचा होता म्हणून मी खोलीतलं सामान इकडचं तिकडे केलं आणि रेकॉर्ड तेवढ्यापुरती पश्चिमेच्या खिडकीच्या कठड्यावर ठेवली. मग मीटिंग आली, जेवण झालं, मी विसरले. संध्याकाळी कव्हर हातात घेतलं तर ते तापलेल्या तव्यासारखं लागलं. आत तबकडी एका बाजूनं पापडासारखी उचलली गेली होती. प्लेयरवर ठेवून पाहिली. सुई चढावर गेली आणि उडी मारून खाली आली.

मी मैत्रिणीला कळवलं. ती म्हणाली दुसरी शोधते. पण बँडनं थोड्याच काढल्या होत्या आणि त्या कधीच्या संपल्या होत्या. फोनवर तीच गाणी ऐकता येत होती, पण बाबांना फोनवरची नको होती. फोनवर हात कुठे ठेवणार?

बाबांनी तबकडी दोन्ही तळहातांवर धरून डोळ्यांच्या पातळीवर नेली आणि एक डोळा मिटून पाहिली. फळी सरळ आहे का, हे ते असंच पाहायचे.

"बाक आला आहे," ते म्हणाले. "तुटली नाही. निघन."

जुन्या शोकेसच्या दोन जाड काचा त्यांनी पुसून घेतल्या. मध्ये तबकडी, वरून-खालून सागवानाच्या फळ्या आणि चारी बाजूंनी शिकंजे. शिकंजा म्हणजे सरस वाळेपर्यंत लाकूड दाबून धरणारं लोखंडी साधन. त्यांच्याकडे सहा होते. सकाळी सात वाजता ते सगळं गच्चीवर न्यायचे, हात लावून लावून काच किती तापली ते पाहायचे आणि जरा ऊब धरली की खाली आणायचे. मग शिकंजा पाव फेरा आवळायचा आणि कोनाड्यात ठेवायचा. "एकदम आवळलं तर फुटते," असं म्हणायचे. मी उघडून पाहू द्या म्हटलं की नाही म्हणायचे. अकरा दिवस असं चाललं.

त्या अकरा दिवसांत दोन रविवार रेकॉर्डशिवाय गेले. रेकॉर्ड नव्हती म्हणून आम्ही बोललो. मी खुर्ची त्यांच्या समोर घेऊन बसायची. त्यांनी मला आरा मशीनवरचं किती तरी सांगितलं: चिरताना पात्याचा आवाज बदलला की आत गाठ किंवा खिळा आहे हे कसं समजायचं, आणि पुढे तो आवाज येईनासा झाल्यावर ते पायाखालच्या थरथरीवरून कसं ओळखायला लागले. आईनं लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात त्यांचं गुपित पकडलं होतं, हेही सांगितलं. ती मागून त्यांच्यावर रागावत होती आणि बाबा शांतपणे जेवत होते.

बाराव्या दिवशी त्यांनी शिकंजे सोडले. तबकडी जवळजवळ सपाट झाली होती. दोन्ही बाजूंची पहिली गाणी मात्र कडेला असल्यामुळे थोडी हेलकावे खात होती. गाणाऱ्याचा आवाज चढल्यासारखा आणि उतरल्यासारखा व्हायचा. बाकीची पाच गाणी ठीक होती. बाबांना तो हेलकावा कळला नाही. मला कळतो, अजूनही कळतो, आणि आता त्याचं काही वाटत नाही.

पावसाळ्यात कधी तरी ते म्हणाले, "हा म्हणते तरी काय, ते लिहून दे." मी सातही गाण्यांचे अर्थ मराठीत, मोठ्या अक्षरांत, वहीच्या पानांवर लिहून दिले. त्यांनी चष्मा लावून दोन दिवस वाचले. पाचवं गाणं एका माणसाचं आहे. तो किती तरी वर्षांनी बसनं गावाकडे निघतो, त्याला झोप लागते, आणि जाग येते तेव्हा गाव मागे गेलेलं असतं. तो काही बोलत नाही, तसाच बसून राहतो. मला ते गाणं सगळ्यांत उदास वाटायचं.

"यानं ड्रायव्हरले आवाज द्यायले पाहिजे होता," बाबा म्हणाले.

मी म्हटलं, "त्याले उतरायचंच नसन."

"नाही. लाज वाटली असन त्याले." त्यांनी पान खाली ठेवलं. "मी पहिल्यांदा सुट्टीत गावाले गेलो तेव्हा माझं असंच झालं. लागली झोप. फाटा निघून गेला. एसटी भरलेली होती, उठून ओरडायची लाज वाटली. पुढच्या गावाले उतरलो आणि चार कोस उलटा चालत गेलो. माय ओसरीवर बसून होती. मी तिले सांगतलं, गाडी बिघडली होती."

"तिले पटलं?"

"काही नाही म्हटलं तिनं. पाय धुवायले पाणी देलं."

बाहेर पाऊस पडत होता आणि कानात मशीन होतं म्हणून त्यांना तो ऐकू येत होता. त्यांनी पानं नीट जुळवली, पाचवं सगळ्यांत वर ठेवलं आणि मला विचारलं, त्या बँडच्या पोरांच्या मेघालयात खूप पाऊस पडते म्हणतात, ते खरं आहे का? मी म्हटलं, खरं आहे. मग तिथं किती पाऊस पडतो ते आम्ही फोनवर पाहत बसलो.